पैसे शेवटी कोण भरणार? खासगी भांडवलाच्या सार्वजनिक प्रकल्पांचं खरं गणित

नागपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गावच्या पाणीपुरवठा योजनेसाठी खासगी गुंतवणूकदार आणायचं घाटतंय. असे प्रकल्प यशस्वी कशामुळे होतात? नागपुरातच काही टिकले आणि काही मध्येच गुंडाळले गेले, त्यांच्यात फरक काय होता?

माझं आयुष्य असल्या प्रकल्पांची आर्थिक गणितं मांडण्यात गेलं. कधी बँकांच्या बाजूने, कधी पालिकांच्या. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

सभेत सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करा. "सरकारचा एक रुपयाही लागणार नाही" हे वाक्य ज्या सादरीकरणात असेल, ते तिथेच बाजूला ठेवा. खासगी कंपनी पैसे देत नाही, पैसे गुंतवते. ती तो पैसा बँकेकडून आणते, सरकारला पडतं त्यापेक्षा महाग व्याजाने आणते आणि वर आपला नफा धरते. हे सगळं परत यायचे मार्ग दोनच आहेत: एक तर वापरणारा माणूस बिलातून किंवा टोलमधून भरतो, नाही तर सरकार तिजोरीतून हप्ते भरतं. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? महाग पैसा परवडतो तो एकाच कारणासाठी. खासगी माणसाने असं काही करून दाखवलं पाहिजे जे पालिकेला वर्षानुवर्षं जमलेलं नाही, म्हणजे गळती थांबवणं, वसुली वाढवणं, काम वेळेत संपवणं. त्यातून वाचणारी रक्कम व्याजातल्या फरकापेक्षा मोठी हवी. ती तेवढी नसेल, तर कर्ज काढून साधं टेंडर काढा, स्वस्तात सुटाल.

म्हणून कुठलाही प्रस्ताव आला की मी तंत्रज्ञान आणि कंपनीचं नाव नंतर बघतो. आधी तीन गोष्टी विचारतो. शेवटी पैसे कोण भरणार? त्याने तसं लिहून दिलं आहे का? आणि ते भरायची त्याची ऐपत आहे का? बहुतेक यशापयश इथेच कळतं.

नागपुरातलं या कसोटीवरचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सांडपाणी. त्याला हात लावायला कुणी तयार नसतं. पण भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रातून निघणारं पाणी महाजेनको या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या कोराडी वीज केंद्राला जातं. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन नवे संच आले तेव्हा त्यांना पाणी लागणारच होतं, आणि पेंच धरणाच्या पाण्यावर शहराची तहान आणि कालव्याखालची शेती या दोघांचा आधीच दावा होता. म्हणजे ग्राहकाला पाण्याची खरीच गरज होती, दुसरा पर्याय महाग होता आणि त्याने खरेदीचा करार केला. आधी दिवसाला १३० दशलक्ष लिटरचं केंद्र झालं, मग २०० दशलक्ष लिटरचं केंद्र खासगी भागीदारीतून उभं राहिलं. पुढे जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने औष्णिक केंद्राच्या ५० किलोमीटरच्या परिघात सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर तिथलं पाणी वापरणं बंधनकारक केलं, त्यामुळे या व्यवहाराला कायद्याचंही बळ मिळालं. इथे घरोघरी वसुली नाही, दरवाढीवर मोर्चा नाही. बिल भरणारा एकच, आणि तो लेखी बांधलेला. बँकेला याहून जास्त काय हवं असतं?

पिण्याच्या पाण्याचं प्रकरण यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे, आणि तुमच्या कामाचं तेच आहे. धरमपेठ झोनमध्ये आधी प्रायोगिक काम झालं, मग पूर्ण शहरासाठी २५ वर्षांचा करार झाला, आणि मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी कामाला लागली. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ३८८ कोटींचा. त्यातला ७० टक्के वाटा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या चौकटीतल्या सार्वजनिक निधीचा आणि ३० टक्के कंपनीचा होता. हे प्रमाण नीट बघा. पूर्ण भार खासगी पैशावर टाकला असता तर पाण्याचा दर दुप्पट-तिप्पट करावा लागला असता आणि योजना पहिल्याच सर्वसाधारण सभेत पडली असती. आणि कंपनीचा ३० टक्के वाटाही नसता, तर नळजोडण्या बदलून झाल्यावर गळतीची काळजी तिने कशाला केली असती?

त्या करारात मला दोन गोष्टी शहाणपणाच्या वाटतात. एक, कंपनीचा मोबदला तिने किती पाणी सोडलं यावर नाही, मोजून किती पाणी बिलात उतरलं यावर आहे. जुन्या लोखंडी पाइपांतून जमिनीत जाणाऱ्या पाण्याचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा गळती शोधायला पालिकेला कुणाच्या मागे लागावं लागत नाही. दुसरं, पाणीदराच्या उपविधीतच दरवर्षी ५ टक्के वाढीची तरतूद. दरवाढ दरवर्षी सभेत मतदानाला टाकली तर ती निवडणुकीच्या वर्षात अडते आणि पुढच्या वर्षी एकदम १५ टक्के करावी लागते. लोकांना तो धक्का बसतो, छोट्या वाढीचा बसत नाही.

त्या योजनेत सगळं साधलं असं कुणी म्हणणार नाही. पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी, असं उद्दिष्ट होतं आणि ते त्या मुदतीत गाठलं गेलं नाही. दोष अमक्याचा की तमक्याचा, यावर नागपुरात कुठल्याही पानठेल्यावर तासभर वाद होऊ शकतो. पण एक वाटणी बरोबर होती: कच्च्या पाण्याची जबाबदारी महापालिकेकडे, शुद्धीकरण आणि वितरण कंपनीकडे. २०१९ च्या उन्हाळ्यानंतरही पाऊस लांबला, वरच्या अंगाला मध्य प्रदेशात झालेल्या चौराई धरणामुळे पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाची आवक आधीच घटली होती आणि जुलैमध्ये शहराला दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. त्या दिवसांत धरणातल्या पाण्यासाठी दुसऱ्या राज्याशी बोलणी करणं कुठल्याही खासगी कंपनीच्या आवाक्यातलं नव्हतं. हा धोका कंपनीच्या गळ्यात बांधला असता, तर तिने बोलीतच त्याचा भाव लावला असता आणि तुम्हीआम्ही तो २५ वर्षं भरत बसलो असतो. जोखीम ज्याच्या हातात आवरता येते त्याच्याकडेच ठेवायची. पुस्तकात हे तत्त्व असतंच, पण टेंडर लिहिताना सगळे विसरतात, कारण "सगळी जोखीम ठेकेदाराची" असं लिहिलं की अधिकाऱ्याला सुरक्षित वाटतं.

आता वीज. हा माझ्या मते महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा धडा आहे, कारण जवळपास एकाच नमुन्याचा करार चार शहरांत झाला आणि निकाल अगदी वेगळे आले. वितरण फ्रँचायझीत व्यवहार असा असतो: महावितरण शहराच्या वेशीवर वीज मोजून कंपनीला विकते, कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने ग्राहकांना बिलं देते, आणि मधली गळती आणि चोरी जितकी कमी होईल तितका कंपनीचा फायदा. बोली लागते ती वेशीवरच्या दराची, वर्षागणिक. जास्त दर देणारा जिंकतो.

भिवंडीत टोरंट पॉवरने २६ जानेवारी २००७ ला काम हाती घेतलं. यंत्रमागांचं गाव, चोरी अफाट, गळती प्रचंड. कंपनीने पैसे ओतले, रोहित्रं बदलली, मीटर बदलले, थकबाकीदारांच्या जोडण्या तोडल्या, आणि गळती घसरली. तोच फ्रँचायझी दहा वर्षांनंतरही तिथे राहिला. ते यश बघून २०११ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग विभागांत, तेव्हाच्या औरंगाबादेत आणि जळगावात हाच नमुना लावला. औरंगाबाद आणि जळगावचे करार तीन-चार वर्षांत संपले. नागपुरात स्पॅन्को आली, नंतर तिची मालकी एस्सेल समूहाकडे गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आर्थिक अडचणी सांगून कंपनीने हात वर केले. महावितरणने तिन्ही विभाग परत घेतले.

का? लोक म्हणतात, भिवंडीला चांगली कंपनी मिळाली आणि आपल्याला वाईट. ते अर्धं उत्तर आहे. टोरंट मुळातच वीज वितरणातली होती आणि पहिली काही वर्षं तोटा सोसायची ताकद तिच्याकडे होती, हे खरं. स्पॅन्को ही माहिती तंत्रज्ञान आणि कॉल सेंटरच्या धंद्यातून आलेली कंपनी. पण दुसरं कारण आकड्यांचं आहे. भिवंडीत सुरुवातीची गळती इतकी मोठी होती की ती थोडी कमी केली तरी पैसा सुटत होता. नागपुरात गळती त्या मानाने कमी, म्हणजे कमावायला जागा कमी, आणि तरी भिवंडीच्या यशाने भारावलेल्या बाजारात बोली चढ्या लागल्या. अशा बोलीत कंपनी असं धरून चालते की गळती दरवर्षी ठरल्याप्रमाणे उतरेल. पहिल्या दोन वर्षांत ती तशी उतरली नाही, की वेशीवरचं बिल थकायला लागतं. मग मीटर, रोहित्रं आणि दुरुस्ती यांवरचा खर्च कापला जातो. तो कापला की तक्रारी वाढतात, वसुली घटते आणि थकबाकी फुगते. एकदा हे सुरू झालं की मालक बदलून फरक पडत नाही, कारण बोलीतला दर तोच राहतो.

यातून काढायचा धडा साधा आहे, पण तो पचवणं अवघड जातं: सगळ्यात चढी बोली म्हणजे सगळ्यात चांगली बोली नव्हे. लेखापरीक्षक आणि वर्तमानपत्रं यांच्या भीतीने आपण नेहमी टोकाचा आकडा निवडतो. मग पाच वर्षांनी तोच आकडा आपल्याला खातो. राष्ट्रीय महामार्गांवरही हेच झालं. २०११ च्या सुमारास कंपन्या रस्ता बांधून वर सरकारला प्रीमियम, म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम, द्यायला निघाल्या होत्या. किशनगढ-उदयपूर-अहमदाबाद या ५५५ किलोमीटरच्या रस्त्यासाठी वर्षाला ६३६ कोटींचा प्रीमियम देऊ केला गेला आणि २०१३ च्या जानेवारीत जिंकणारी कंपनीच त्यातून बाहेर पडली. यावर उपाय आहे. सुरुवातीची गळती, सुरुवातीची वाहतूक, सुरुवातीची वसुली हे आकडे टेंडरआधी पालिकेने स्वतः, तिऱ्हाइताकडून मोजून घ्यावेत आणि सगळ्या बोलीदारांना सारखेच द्यावेत. तुमच्या आकड्यांत घोळ असेल तर प्रामाणिक बोलीदार लांब राहतो आणि धाडसी माणूस जिंकतो.

रस्त्यांबद्दल थोडक्यात, कारण तुमचा विषय तो नाही. कोल्हापूरचं प्रकरण मात्र प्रत्येक नगरसेवकाने वाचावं. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी पैशाने झाले आणि वसुलीसाठी शहराच्या वेशीवर टोलनाके बसले. आपल्याच गावातल्या रस्त्यावर टोल का, हा प्रश्न करार होताना लोकांना कुणी धडपणे विचारलाच नव्हता. २०१४ मध्ये नाके जळाले, पुढे टोल रद्द झाला आणि कंपनीचा हिशेब शेवटी राज्याच्या तिजोरीतून चुकवावा लागला. म्हणजे पैसे भरले करदात्यानेच, फक्त उशिरा आणि भांडून. पैसे भरणाऱ्याला आधी विचारलं नाही तर तो नंतर उत्तर देतो. मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतही २०१४ मध्ये पहिल्या महिन्यापासून भांडण याच मुद्द्यावर: करारात भाडं ९ ते १३ रुपये, कंपनीला हवं होतं १० ते ४०. दाभोळच्या वीज प्रकल्पात तर भरणारं होतं राज्य वीज मंडळ. वीज घ्या न घ्या, पैसे द्याच, असा डॉलरशी बांधलेला करार मंडळाच्या ऐपतीबाहेरचा होता आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. तीन प्रकल्पांतली भरणारी माणसं वेगळी होती, पण तीनही ठिकाणी भरणाऱ्याची तयारी किंवा ऐपत कुणी तपासली नव्हती.

म्हणूनच २०१६ पासून महामार्गांसाठी आलेला हायब्रिड ॲन्युइटीचा प्रकार बँकांना आवडला. बांधकाम चालू असताना ४० टक्के रक्कम सरकार देतं, उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी. गाड्या किती धावतील याची चिंता कंपनीने करायची नाही, टोल सरकारचा. ही खरी भागीदारी आहे की हप्त्याने घेतलेलं काम, यावर वाद आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण वाहतुकीचा अंदाज कुणालाच करता येत नसेल तर तो धोका विकत घ्यायला लावण्यात तरी काय अर्थ? चिली देशाने १९९८ मध्ये सँटियागो-वालपरायसो रस्त्यासाठी याहून चतुर वाट काढली. बोली एकूण किती महसूल हवा याची घ्यायची, ती रक्कम आजच्या किमतीत जमा झाली की करार संपला. गाड्या कमी धावल्या तर मुदत आपोआप लांबते, जास्त धावल्या तर आपोआप घटते. आपल्याकडच्या महामार्ग करारांतही वाहतूक कमी भरली तर मुदत वाढवण्याचं कलम याच विचारातलं, पण अर्धंमुर्धं.

सरकारची सही कितपत टिकते, हाही बोलीच्या किमतीचा भाग असतो. नागपूर विमानतळ बघा. जीएमआर या खासगी कंपनीने देऊ केलेला महसुलातला वाटा आधी ५.७६ टक्के होता, वाटाघाटीत तो १४.४९ टक्क्यांवर आला आणि मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचं पत्र निघालं. वर्षभरात ते रद्द झालं. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द करण्याचा निर्णय फेटाळला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, आणि करारावर सही व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. पाच वर्षं! वाटा कमी ठरला होता का, याची चर्चा जरूर व्हावी, पण ती टेंडर काढण्यापूर्वी. नंतर केली की पुढच्या प्रत्येक टेंडरमध्ये बोलीदार या पाच वर्षांचा भाव लावतो, आणि तो टेंडर काढणाऱ्या लहान नगरपरिषदेलाही भरावा लागतो.

जमिनीचं सांगायला हवं का? समृद्धी महामार्ग खासगी गुंतवणुकीचा नव्हे, तरी शिकण्यासारखी गोष्ट तिथली आहे: शेतकऱ्यांकडून थेट खरेदी करून जमीन आधी हातात घेतली, म्हणून ७०१ किलोमीटरचं काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत राहिलं. याउलट पेंचच्या जंगलातून जाणारा जबलपूर रस्ता वन आणि वन्यजीव परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकला. जमीन आणि परवानगी ही सरकारचीच कामं आहेत. ती अर्धवट ठेवून करार केला तर व्याजाचं मीटर चालू होतं आणि शेवटी दावा सरकारवरच येतो.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते. करार २५ वर्षांचा, पण सल्लागार सहीच्या दिवशी निघून जातो. मुख्याधिकारी तीन वर्षांत बदलतो, सभागृह पाच वर्षांत. कंपनीकडे मात्र तेच वकील, तेच हिशेबनीस, तीच फाइल. दहाव्या वर्षी वाद उठला की कंपनीकडे प्रत्येक पत्राची नक्कल असते आणि पालिकेकडे "ती फाइल जुन्या इमारतीत आहे" असं उत्तर. मी बघितलेल्या अनेक लवादांत पालिका चूक होती म्हणून हरली नाही, कागद दाखवता आला नाही म्हणून हरली. करार सांभाळायला दोन माणसं का होईना कायमची नेमा: एक अभियंता, एक हिशेब समजणारा. त्यांचा पगार करारातूनच येईल अशी सोय करा. सार्वजनिक-खासगी भागीदारीचा आढावा घेणाऱ्या विजय केळकर समितीने २०१५ च्या अहवालात यंत्रणांची क्षमता वाढवा आणि चालू करारांत फेरवाटाघाटीची वाट ठेवा, असं सांगितलं होतं. दुसऱ्या भागाची आपल्याकडे फार भीती आहे, कारण फेरवाटाघाट म्हटलं की भ्रष्टाचाराचा वास येतो. पण २५ वर्षांत काहीच बदलणार नाही असं धरून लिहिलेला करार न्यायालयातच जातो. बदल कधी, किती आणि कुणासमोर करायचा, हे आधीच लिहून ठेवलं तर वास येत नाही.

आता तुमच्या गावाबद्दल. तुमच्या पत्रावरून तिथे नळांना मीटर नाहीत, पाणीपट्टी वर्षाची सरसकट आहे आणि निम्मी थकलेली असते. या स्थितीत मोठा गुंतवणूकदार यायचा नाही, आणि आला तर त्याच्यापासून सावध राहा. वसुली न होणाऱ्या गावात पैसे घालणारा माणूस ते कुठून काढणार, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. माझा सल्ला असा, की आधी पालिकेनेच पाण्याच्या टाकीवर आणि झोनच्या तोंडाशी मोठे मीटर बसवावेत आणि वर्षभर रोजची नोंद ठेवावी. त्याला फार पैसे लागत नाहीत, वित्त आयोगाच्या निधीतला पाण्यासाठीचा वाटा बघा. मग एकाच झोनमध्ये घरोघरी मीटर आणि मोजून बिल. या झोनची वसुली दोन वर्षं नीट चालली, की संपूर्ण गावासाठी पाच ते सात वर्षांचा, गळती आणि वसुलीशी मोबदला बांधलेला करार काढा. भांडवल त्यात शासनाच्या योजनेतूनच घाला, ठेकेदाराची गुंतवणूक थोडीच ठेवा, पण ठेवा. दरवाढीचा उपविधी टेंडरच्या आधी मंजूर करून घ्या आणि वसुलीचं खातं एस्क्रोत ठेवा (म्हणजे ठरलेल्या कामाखेरीज पैसे काढता येणार नाहीत असं बँकेतलं खातं), म्हणजे पाण्याचे पैसे दिवाळीच्या बोनसला वळणार नाहीत.

आणि टेंडरच्या मसुद्यात हस्तांतराचं प्रकरण पहिल्या दिवशीच लिहा: शेवटच्या दोन वर्षांत पंप, व्हॉल्व्ह आणि मीटर कोणत्या अवस्थेत परत द्यायचे, तपासणी कोण करणार, आणि त्यासाठी किती रक्कम अडकवून ठेवायची. मसुदा झाला की पाठवा, मी बघून देईन.